चांदणी टॉकीजचा सहाचा खेळ आणि उत्तमराव मगरे

उत्तमराव मगरे यांना मी प्रथम पाहिले ते जिन्यात. जुन्या जालन्यातील चांदणी टॉकीजच्या प्रोजेक्टरच्या खोलीला सगळे केबिन म्हणतात. तिकडे जाणारा लोखंडी जिना इतका अरुंद आहे, की दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. मी तपासणी संपवून उतरत होते, माझ्या मागे टॉकीजचे मालक होते, आणि उत्तमराव पहिल्या पायरीजवळ थांबले होते. त्यांनी चपला काढून हातात धरल्या होत्या. मला वाटले, चप्पल तुटली असावी. पायाची धूळ केबिनमध्ये गेली की ती फिल्मच्या वाटेत बसते आणि चित्रावर उभा ओरखडा येतो, म्हणून ते चाळीस वर्षे त्या जिन्यावर अनवाणीच चढले, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्या दिवशी मी स्वतः बूट घालून वर गेले होते.

ते म्हणाले, “ताई, काही इचारायचं असंल तर मी हितंच हाये.”

मी म्हणाले, “नाही, काम झालं आहे.”

आमची पहिली भेट एवढीच. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी बुद्धविहाराच्या वाचनालयाच्या मंडळींनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी दोन वेळा नकार दिला. उत्तमरावांना जन्मभर ओळखणारी माणसे या गावात शेकड्याने आहेत. मी त्यांना चार वर्षे ओळखते, आणि त्यातली पहिली दोन वर्षे माझ्यामुळे त्यांना वाईट गेली. शेवटी मी होकार दिला तो याच कारणासाठी. त्या दोन वर्षांबद्दल लिहू शकेल असे दुसरे कोणी नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता आहे. जुनी चित्रपटगृहे डिजिटल यंत्रणेवर नेण्याचे काम करणाऱ्या एका कंपनीत मी तेव्हा नुकतीच लागले होते. चांदणी टॉकीज बंद होऊन तीन वर्षे झाली होती. निजामाच्या काळात बांधलेली ही इमारत, वर महिलांसाठी वेगळी जाळीची गॅलरी, दर्शनी भिंतीवर चुन्यात कोरलेला चंद्र. एके काळी शुक्रवारी या गल्लीतून सायकल नेता येत नसे असे सांगतात. नंतर घरोघर केबल आली, मग मोबाइल आले, आणि प्रेक्षक कमी होत गेले. शेवटच्या वर्षी एकेका खेळाला दहा-बारा माणसे असत. उत्तमराव त्या दहा-बारांसाठीही पडदा आधी ओल्या कापडाने पुसून घेत. एकदा गेटकीपर त्यांना म्हणाला, “ऑपरेटरसाहेब, बारा माणसांसाठी कशाला एवढा खटाटोप?” उत्तमराव म्हणाले, “बारा काय न् बाराशे काय, डोळे तर दोनच असतेत ना एकेकाला.” टॉकीज बंद झाल्यावर तिथे एका व्यापाऱ्याने सरकीची पोती ठेवली. मी गेले तेव्हा खुर्च्यांच्या रांगांत कापसाची लव अडकलेली होती आणि गॅलरीत पारवे होते.

टॉकीजचे तरुण मालक शरदशेठ पुण्याहून परत आले होते आणि त्यांना आजोबांची टॉकीज पुन्हा सुरू करायची होती. काय ठेवायचे आणि काय काढायचे याचा अहवाल त्यांना हवा होता. केबिनमध्ये फिल्मचे दोन जुने प्रोजेक्टर होते. मी त्यांना वीज जोडली. दोन्ही लगेच फिरू लागले. एवढी वर्षे बंद असलेल्या यंत्रांसाठी हे नवल होते, पण मी त्याची नोंद केली नाही. टॅकोमीटर नावाचे, फिरत्या दांड्याचे फेरे मोजणारे उपकरण माझ्याकडे होते. फिल्मचे चित्र सेकंदाला चोवीस चौकटींनी पुढे सरकते. त्यासाठी या दांड्याने मिनिटाला एक हजार चारशे चाळीस फेरे घ्यायला हवेत. पहिल्या यंत्राने पंधराशे साठ घेतले. दुसऱ्यानेही पंधराशे साठ. म्हणजे चोवीसऐवजी सव्वीस चौकटी. मी लिहिले: ‘वेग सदोष. दोन्ही यंत्रे निकामी. भंगारात काढावीत.’ अहवालाच्या छापील नमुन्यात कारणाचा रकाना होता आणि त्यात ठरलेल्या यादीतून एक कारण निवडावे लागे. मी ‘देखभालीअभावी झीज’ निवडले.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दोन यंत्रे एकाच आकड्याने बिघडत नाहीत. झिजलेले यंत्र एक पंधराशे दाखवील, दुसरे तेराशे, आणि काटा थरथरेल. माझ्यासमोर काटा दोन्ही वेळा स्थिर होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे पाहिले असते तर त्याने विचारले असते, हा आकडा कोणी ठरवला? ज्याने ठरवला तो माणूस खाली, हातात चपला घेऊन उभा होता.

तो अहवाल शरदशेठनी जुन्या नोकरांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवला. त्यांच्या मनात वाईट नव्हते; पैसा कशावर लागणार हे सर्वांना कळावे एवढाच त्यांचा हेतू होता. पण ‘देखभालीअभावी’ हा शब्द त्या बैठकीतून बाहेर पडला आणि गल्लीत पोहोचला. टॉकीजसमोरच्या हॉटेलात लोक चहा पिता पिता विचारू लागले, “काय उत्तमराव, मशिनी सडवल्या म्हणं तुम्ही?” उत्तमराव चहा संपवत, पैसे ठेवत आणि उठत. नंतर त्यांनी त्या हॉटेलात जाणेच बंद केले. त्यांच्या पत्नी शांताबाई यांनी मला हे सांगितले. उत्तमरावांनी आजवर सांगितलेले नाही.

यंत्रे विकली गेली. जालन्यात भंगार फार दिवस भंगार राहत नाही. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या त्याच्या सळया करतात. आठवड्याच्या आत ते लोखंड कोणाच्या तरी स्लॅबमध्ये गेले असेल.

टॉकीज सुरू व्हायला आणखी दीड वर्ष लागले. नव्या केबिनसाठी माणूस ठेवायचा होता तेव्हा कोणीतरी उत्तमरावांचे नाव सुचवले. शरदशेठ म्हणाले, जुन्या मशिनींची निगा ज्यांना ठेवता आली नाही, त्यांच्या हाती नवीन कशी देऊ? त्यांनी हे माझ्या अहवालाच्या भरवशावर म्हटले. मी तिथेच बसले होते आणि काही बोलले नाही, कारण तेव्हा मला तो अहवाल बरोबर वाटत होता.

नवी यंत्रणा बसवण्याच्या तीन आठवड्यांत मी दिवसभर टॉकीजमध्ये असे. कामावरचे बाकी सगळे पुरुष होते. महिलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती, आणि हे कोणाला सांगावे असा मला प्रश्न होता. तिसऱ्या दिवशी दाराला नवी कडी होती, आत बादली होती आणि नळाला पाणी होते. मी समजले की शरदशेठनी केले. त्यांचे आभार मानायला गेले तर त्यांना ठाऊकच नव्हते. कडी उत्तमरावांनी बसवली होती. ज्या इमारतीत त्यांना काम नाकारले गेले, तिच्या दाराला ते सकाळी येऊन कडी लावून गेले, आणि ती कोणासाठी, हेही त्यांना माहीत होते. हे कळल्यावरही मी त्यांच्या घरी गेले नाही. जायला हवे होते.

टॉकीज सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात सहाच्या खेळाला एक अडचण दिसू लागली. चित्रपट रंगात असताना, शेवटाला पंधरा मिनिटे उरली की मागच्या रांगांतली माणसे उठून जात. एक-दोन नव्हे, चाळीस-पन्नास. मला वाटले, आवाजात दोष आहे. मी चौथ्या दिवशी दारात उभी राहिले आणि घाईने बाहेर पडणाऱ्या एका बाईंना थांबवले. त्यांचे नाव गयाबाई. त्या घनसावंगीहून भाजीबाजाराला येतात.

“आवाज नीट येत नव्हता का?” मी विचारले.

“आवाज झकास हाये, ताई. सोडा मला, गाडी जाती माही.”

“पण शेवट राहिला.”

“मंग? शेवट पाहून काय स्टँडवर झोपू? नऊला लास्ट गाडी. पहिलं पिच्चर बराबर सुटायचं, आरामात चालत जायचो. तुम्ही आल्या अन् पिच्चर लांबवून ठिवले.”

मी म्हणाले, चित्रपट लांबवता येत नाही, तो जेवढा असतो तेवढाच असतो. त्या चालता चालता म्हणाल्या, “असं कसं? आमच्या चांदणीत गाणी बी कशी झटझट व्हायची. रेडिओवर तेच गाणं लागलं की आमची सासू म्हणायची, हे रेडिओवाले गाणं वढून राह्यले.”

मी तिथेच दारात कागदावर गणित केले. पावणेतीन तासांचा चित्रपट सव्वीस चौकटींनी चालवला तर साडेबारा मिनिटांहून थोडा अधिक वेळ वाचतो. सहाला सुरू, दहा मिनिटांचे मध्यंतर. चोवीस चौकटींनी खेळ सुटेल आठ पंचावन्नला, सव्वीसने आठ बेचाळीसला. टॉकीज ते बसस्थानक पायी दहा मिनिटे. गाडी नऊला. आवाजाची पट्टी सुमारे पाऊण सुराएवढी चढते, पण ज्यांनी तो चित्रपट दुसरीकडे पाहिलाच नाही त्यांना ती चढलेली वाटणार नाही. पंधराशे साठ हा आकडा मी दोन वर्षांपूर्वी लिहिला होता. आता तो कोणी ठरवला होता ते मला समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. शांताबाईंनी पाणी दिले. मी बसल्या बसल्या एवढेच विचारले, “काका, सहाच्या खेळाला तुम्ही पुली बदलत होता का?”

उत्तमराव उठले. मग आत जाऊन त्यांनी फडक्यात गुंडाळलेल्या दोन पुल्या आणल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. मोटरवर बसणारे हे चाक पट्ट्याने यंत्र फिरवते; चाक मोठे, तर वेग अधिक. दोन्ही तेल लावून ठेवलेल्या, गंजाचा एक ठिपका नाही.

“ह्या चोवीसच्या,” ते म्हणाले. “मूळच्या. ह्याच्याहून जरा मोठ्या दोन मी लेथवाल्याकडून करून घेतल्या व्हत्या. तीनच्या खेळाला ह्या, सहाच्या खेळाला त्या. सहाचा सुटला की रोज काढून ठिवायचो.”

“मग त्या दिवशी यंत्रांवर मोठ्या कशा राहिल्या?”

“शेवटला खेळ सहाचाच झाला. दुसऱ्या दिवशी तीनचा न्हवता. काढायला हात न्हाई उचलला.”

शांताबाई मध्येच म्हणाल्या, “त्यानंतर बी तीन वर्सं, दर महिन्याला जाऊन तेल घालून येयाचे. मी म्हणायची, आता कोणाची वाट पाह्यलेत मशिनी? तर म्हणायचे, फिरवलं न्हाई तर धरतेत, जाम होतेत.”

म्हणून माझ्यासमोर दोन्ही यंत्रे लगेच फिरली होती. ज्या यंत्रांची निगा बंद टॉकीजमध्येही, कोणी न सांगता राखली गेली होती, त्यांच्यापुढे मी ‘देखभालीअभावी’ असे लिहिले होते.

ही पुलीची युक्ती त्यांना का सुचली तेही त्यांनी त्या दिवशी सांगितले. उत्तमराव मूळचे भोकरदन तालुक्यातील धावड्याचे. वडील मजुरीला जात. लहानपणी थोरल्या भावाबरोबर ते जालन्याला येत, याच टॉकीजमध्ये पुढच्या रांगेत बसत, आणि गाडीसाठी शेवटाआधी उठत. एक चित्रपट त्यांनी तीन वेळा पाहिला आणि तिन्ही वेळा शेवट राहिला. तो त्यांना दिसला तो पुढे बारा-तेरा वर्षांनी, सहायक म्हणून केबिनमध्ये लागल्यावर, भिंतीतल्या चौकोनातून. “काही खास न्हवता,” ते म्हणाले. “पर इतके साल मनात काहीच्या काही रचून ठिवला व्हता. तिकीट काढलेल्या माणसाला शेवट दिसला पाह्यजे. बस, एवढंच.”

मी विचारले, मोठ्या शेठना, म्हणजे शरदशेठच्या आजोबांना, हे ठाऊक होते का?

“बिलकुल न्हाई. ठाव झालं असतं तर त्याच दिवशी हिशेब. फिल्मवाल्यांनी पिच्चर देणं बंद केलं असतं. मोठ्या शेठला सुरातलं काही कळत न्हवतं, म्हणून निभलं.” शांताबाई हसल्या. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, “त्या दिवशी तुम्हाला सांगणारच व्हतो. पर शरदशेठ तुमच्या मागंच उभे. म्हणलं, एवढ्या वर्सांची चोरी आता त्यांच्या तोंडावर कशी सांगू? वाटलं, तुम्ही शिकलेल्या, तुमच्या ध्यानात येईल. मंग मीबी गप बसलो. निम्मं तुमचं, निम्मं माझं.”

त्यांच्या स्वभावाचा मोठेपणा सांगायला दुसरा प्रसंग मला नको. पण ही वाटणी मी तेव्हा मान्य केली नाही आणि आजही करत नाही. त्यांनी विचारा म्हणून सांगितले होते. मी विचारले नाही.

त्याच आठवड्यात मी दुरुस्त अहवाल लिहिला, सही केली आणि शरदशेठना दिला. उत्तमरावांची परवानगी घेऊन पुलीचीही हकिकत त्यात लिहिली. शरदशेठनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, “म्हणजे आमचे आजोबा तीस वर्षं जलद पिक्चर दाखवत होते?” मी हो म्हणाले. मग ते स्वतः उत्तमरावांच्या घरी गेले. केबिनची जागा त्यांनी देऊ केली. उत्तमरावांनी ती घेतली नाही. नवीन यंत्रात हात घालण्यासारखे काही नाही, चित्रपट कुलूपबंद येतो, त्याचा वेग कोणाला बदलता येत नाही. ते म्हणाले, “वर आता माणसाचं काम न्हाई राह्यलं, शेठ.” हे खरे आहे, आणि ते काम माणसाच्या हातून काढून घेणाऱ्यांत मीही आहे.

मी दुरुस्त अहवाल त्यांना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “कागद बराबर हाये, ताई. पर मशिनी आता त्या कागदावर चालायच्या न्हाईत.”

आज टॉकीज चालू आहे. त्याबद्दल कधीकधी माझे कौतुक होते, म्हणून हेही नोंदवते: टॉकीज निम्मीच परत आली आहे. महिलांची गॅलरी धोकादायक म्हणून बंद आहे. रविवार सोडला तर खुर्च्या भरत नाहीत. आणि ज्यांच्या हातांनी इथला खेळ वेळेवर सुटत असे ते पायऱ्या चढत नाहीत. जे परत आले त्यातले एक काम मात्र त्यांचे आहे. दर शुक्रवारी ते नव्या चित्रपटाचा पहिला खेळ खाली बसून पाहतात आणि आठवड्यासाठी संध्याकाळच्या खेळाची वेळ ठरवून देतात. कधी पाच पस्तीस, कधी पाच पन्नास. मी संगणकावर काढलेली वेळ त्यांच्या वेळेशी पडताळून पाहते. गेल्या महिन्यात पाच मिनिटांचा फरक आला. मी म्हणाले, माझा हिशेब बरोबर आहे. ते म्हणाले, “हिशेब बराबर हाये. पर ह्या पिच्चरला बाया रडतेत. रडलेलं माणूस जल्दी उठत न्हाई. पाच मिनिटं अलीकडं घ्या.” आम्ही अलीकडे घेतली. गयाबाई आणि त्यांच्या सोबतिणी त्या आठवड्यात शेवटपर्यंत बसल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे या हिवाळ्यात आहे. शांताबाईंची तक्रार आहे की ते थेंब वेळेवर घालत नाहीत. ते त्यांनी घालावेत, अशी या ग्रंथातून जाहीर विनंती करते.

हा ग्रंथ जुन्या जालन्यातल्या घराघरांत जाईल. माझा पहिला अहवालही, तोंडी का होईना, याच घरांत गेला होता; दुरुस्त अहवाल मात्र शरदशेठच्या कपाटात आहे आणि तो फारच थोड्यांनी वाचला आहे. म्हणून त्यातले मुख्य वाक्य इथे छापून देते. ‘चांदणी टॉकीजमधील दोन्ही प्रोजेक्टर तपासणीच्या दिवशी पूर्ण चालू स्थितीत होते. ऑपरेटर उत्तमराव मगरे यांनी त्यांची निगा उत्तम राखली होती. चूक तपासणाऱ्या व्यक्तीची होती.’ समोरच्या हॉटेलात आजही कोणी तो जुना विषय काढत असेल, तर त्याला हे पान दाखवावे.

उत्तमरावांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उत्तम दृष्टी लाभो, गुडघे बळकट राहोत, शांताबाईंची सोबत राहो, आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी त्या हॉटेलात बसून, घाई न करता, चहा प्यावा.